पाच लाख प्रदक्षिणा

आमच्या आणि काकूंच्या घरांच्या मध्ये कंपाउंडची भिंत आहे, बरोबर कोपर टेकवता येईल एवढ्या उंचीची. नगरच्या सावेडीत प्लॉट पाडणाऱ्याने ती हद्द म्हणून बांधली असेल, आम्ही तिचं टेबल केलंय. अळूची पानं, वाटीभर विरजण, चुकून इकडे आलेलं तिकडचं लाइट बिल आणि गल्लीतल्या झाडून सगळ्या बातम्या या भिंतीवरून जातात-येतात. यंदाच्या उन्हाळ्यात त्यात दगडांची भर पडली.

आधी आवाज सुरू झाला. रात्री साडेअकराला, सगळं निजानीज झाल्यावर. घर्रर्र... खळ्ळ. घर्रर्र... खळ्ळ. मला वाटलं, टाकी भरून वाहतेय. ह्यांना उठवून गच्चीवर पाठवलं. टाकी अर्धी. मग वाटलं, उंदीर असेल. पण कुठला उंदीर एका तालात रात्रभर अक्रोड लोळवत बसेल? तिसऱ्या दिवशी सकाळी काकू जास्वंदीची फुलं काढायला भिंतीशी आल्या, तेव्हा आडून विचारलं, "काकू, रात्रीचं काही दळण काढलंय का?"

"दळण?" काकूंनी परडी भिंतीवर आपटली. "तुझ्या काकांनी दगड शिजायला टाकलेत. महिनाभर शिजणार आहेत म्हणे. मी म्हटलं, माझी डाळ शिजत नव्हती तेव्हा कुकरची रिंग बदलायला यांना पंधरा दिवस लागले."

काकांची ओळख करून द्यायला हवी. एमआयडीसीतल्या कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर. निवृत्त झाल्यावर पहिल्या वर्षी त्यांनी घरातले सगळे बिघडलेले नळ दुरुस्त केले, दुसऱ्या वर्षी न बिघडलेले. तिसऱ्या वर्षी काय, या काळजीत काकू होत्याच.

"ये, बघून जा," काकू म्हणाल्या. "एकदा बघितलंस की रात्री निदान ओळखीचा आवाज वाटेल."

मागच्या पडवीत काकांनी ते यंत्र मांडलं होतं. पीव्हीसीचा सहा इंची पाइप, फूटभर लांब, दोन्ही तोंडांना झाकणं, आतून ट्रकच्या जुन्या ट्यूबचं अस्तर. तो बेअरिंगवर फिरणाऱ्या दोन दांड्यांवर आडवा ठेवलेला. एका दांडीला पट्टा आणि पट्ट्याला भंगारातून आणलेली गिअरची मोटर. बाळाला दुपट्यात गुंडाळून मांडीवर हलवत बसावं तसा तो पाइप संथ लोळत होता.

"चाळीस वॅट," काकू म्हणाल्या. "मी आधी तेवढं विचारून घेतलं. चोवीस तास चालली तर दिवसाला एक युनिट धर. महिन्याला तीस. दगडांना!"

काका हसत पुढे आले. त्यांच्या मते मोटरपेक्षा वेग महत्त्वाचा. मिनिटाला पन्नासेक फेरे हवेत. जोरात फिरवलं तर दगड कडेला चिकटून बसतात, वॉशिंग मशीनमध्ये पिळलेले कपडे चिकटतात तसे. फार हळू फिरवलं तर नुसते तळाशी सरकत राहतात. वरचा दगड चढत जाऊन बाकीच्यांच्या अंगावरून लोळत खाली आला, तरच घासणी होते. त्यासाठी पाइप भरायचाही असतो दोन तृतीयांश. कमी भरला तर दगड आपटून फुटतात, गच्च भरला तर हलतच नाहीत.

मी मोबाइलवर गुणाकार केला. मिनिटाला पन्नास म्हणजे आठवड्याला पाच लाख चार हजार फेरे.

"पाच लाख प्रदक्षिणा!" काकूंनी कपाळाला हात लावला. "मी वडाला सात घालते तर घरी येऊन पाय चेपून घ्यावे लागतात."

"आणि पाइपचा घेर अर्धा मीटर," काका म्हणाले. "म्हणजे रस्त्यावरून लोळवत नेला असता तर आठवड्यात अडीचशे किलोमीटर. इथून निघून मुंबई गाठली असती."

"मग सोडायचा होता ना रस्त्यावर," काकू म्हणाल्या.

हे सगळं कशासाठी, ते मला संध्याकाळी कळलं. काका भिंतीवर एक ताट घेऊन आले. ताटात पाणी आणि पाण्यात पाचसहा खडे. मधाच्या रंगाचे, एक तांबूस, एकावर कांद्याच्या चकतीसारखी पांढऱ्या-राखाडी रेघांची वलयं. मी म्हटलं, "अगंबाई, किती सुंदर!" काकांनी ते बाहेर काढून धोतराच्या फडक्यावर पसरले. मेच्या हवेत पाच मिनिटांत खडखडीत वाळले. आणि खरं सांगते, ते खडे जणू मेले. वरून मळकट पांढरट पापुद्रा, ना रंग, ना रेघ. रस्त्याकडेला पडलेल्या खडीत टाकले असते तर सापडले नसते.

"हेच," काका म्हणाले. "लहानपणापासून हेच."

काका शेवगाव तालुक्यातले, गोदाकाठचे. नदीत पाणी असलं की पोरं गुडघाभर पाण्यात उभी राहून रंगीत खडे वेचायची. खिसा भरून घरी आणायची आणि घरी येईपर्यंत खिशात नुसते गोटे उरायचे. काका म्हणाले, चौथीत असताना एकदा ते यावरून रडले होते, वाटेत कुणीतरी खडे बदलले म्हणून. पुढे जायकवाडीचं धरण झालं, 1976 साली पुरं झालं, आणि नाथसागराच्या पाण्यात काठचं बरंच काही गेलं. त्यात त्यांचा नदीकाठही गेला. आता ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या उन्हाळ्यात पाणी मागे हटतं, जुना काठ उघडा पडतो आणि काका पिशवी घेऊन जातात.

"आमचं गाव दुष्काळीही आणि बुडालेलंही," काका म्हणाले. "असं भाग्य कुणाचं असतं?"

म्हणजे यांना चकाकी नको होती. दगड वाळल्यावरही ओला दिसायला हवा होता. पॉलिशचं गुपित तेवढंच आहे. खडबडीत पृष्ठभागावर उजेड वेडावाकडा विखुरतो आणि आतला रंग झाकून टाकतो. पाणी ते खड्डे भरून काढतं, म्हणून ओला दगड रंगीत दिसतो. पाण्याचं काम कायमचं करायचं तर खड्डेच घासून काढायला हवेत. काकांच्या चौथीतल्या रडण्यावर इतक्या वर्षांनी निघालेला हा इलाज, दिवसाला एक युनिट.

सोनार ज्याला हकीक म्हणतो, पुस्तकात ज्याला अकीक म्हणतात, ती आपल्याकडची गारगोटीच, जरा उच्च कुळातली. लहानपणी गोधडीत शिरून दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्या नाहीत असं मराठी मूल शोधून सापडायचं नाही. अंधारात नारिंगी उजेड लपकतो आणि काहीतरी जळल्याचा वास येतो. काकूंना मी आठवण केली तर म्हणाल्या, "आमच्या आजीने गोधडी जळेल म्हणून पाठीत धपाटा घातला होता." गोधडी काही जळत नाही, पण आजीला कोण सांगणार?

ही गारगोटी आपल्या काळ्या कातळात कशी आली, ते काकूंनीच मला समजावलं, काकांकडून ऐकून आणि त्यात स्वतःची भर घालून. "हा सगळा डोंगर म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. थंड होताना त्यात वाफेचे बुडबुडे अडकले. अनारशाला जाळी पडते बघ, तशी. मग त्या भोकांत गारेचं पाणी झिरपलं. एक थर, त्यावर दुसरा थर, हळूहळू. म्हणून त्या रेघा. वरचा खडक पावसाने झिजून गेला, पण आतली गार कठीण, ती सुटून नदीत आली." विहिरी खणणारे अशा ठिपक्याठिपक्यांच्या खडकाला मांजऱ्या म्हणतात. मी शाळेत इतिहास शिकवते, भूगोलाच्या बाईंनी हा धडा कधी इतका नीट घेतला नव्हता. अनारशाचं त्यांना सुचलंच नसतं.

पहिला घाणा मात्र पार फसला.

काकांनी उत्साहात जे जे चमकलं ते ते पाइपात टाकलं होतं. त्यात विहिरीच्या मुरमातले पांढरे, पारदर्शक, हिऱ्यासारखे दिसणारे तुकडेही होते. आठवड्याने झाकण उघडलं तर ते तुकडे बेपत्ता, नुसतं पिठलं. आणि जे अकीक उरले होते त्यांच्या कडा टवका टवका गेलेल्या.

"कॅल्साइट होते ते," काकू मला भिंतीवरून हळूच म्हणाल्या, जणू घरातल्या कुणाचं काही उघडकीला आलंय. "आणि ते दुसरे, झिओलाइट. दिसायला राजबिंडे, आतून मऊ. यांना आधी पारखून घ्यायला नको?"

पारखायची रीत सोपी आहे. फ्रीडरिश मोस या जर्मन माणसाने 1812 साली खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी उतरंड लावली. अकीक साडेसहा ते सातवर, कॅल्साइट तीनवर, खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. म्हणून बाटलीच्या काचेवर दगड ओढायचा. ओरखडा उठला तर पाइपात, नाही उठला तर बाहेर. कॅल्साइटची शंका आली तर फरशी धुवायच्या ॲसिडचा थेंब टाकायचा, सोडा टाकल्यासारखं फसफसतं. सारख्या कठीणपणाचे दगडच एकत्र नांदतात. काकूंना हा नियम फार पटला. दोन गल्ल्या पलीकडच्या एका लग्नाचं उदाहरण त्यांनी लगेच दिलं, ते मी इथे लिहीत नाही.

त्या मऊ तुकड्यांना नावं ठेवू नयेत असं काकांचं म्हणणं. जगभरचे संग्राहक आपल्या मुलखातून तेच नेतात. राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याचा हिरवा अपोफिलाइट परदेशातल्या संग्रहालयांत दिमाखाने बसतो. सिन्नरला तर 'गारगोटी' नावाचं अख्खं संग्रहालयच आहे. ते जसेच्या तसे बघायचे दगड. लोळवले की संपले.

पहिल्या घाण्याची दुसरी कथा स्वयंपाकघरातली. पाइपातला तो राखाडी गाळ काकांनी सिंकमध्ये ओतला. झिजलेला दगड आणि घासणीसाठी टाकलेली कार्बोरंडमची पावडर यांचं ते मिश्रण पाइपच्या वाकणात बसलं आणि सिमेंटसारखं घट्ट झालं. काकूंचं सिंक दोन दिवस बंद. "पस्तीस वर्षं फिटर!" एवढं एकच वाक्य त्या दोन दिवसांत त्यांनी मला सात वेळा ऐकवलं. आता गाळ परसातल्या जुन्या घमेल्यात जातो, तिथे वाळतो आणि पापडासारखा निघतो.

दुसऱ्या घाण्यापासून काकूंनी सूत्रं हातात घेतली. उघडपणे नाही, पण घेतली.

कार्बोरंडमच्या पावडरीला नंबर असतात. सुताराच्या पॉलिश पेपरला असतात तसेच, नंबर जेवढा मोठा तेवढी पावडर बारीक. आधी 80, मग 220, मग 500 आणि शेवटी पॉलिशची पावडर. प्रत्येकाला साधारण आठवडा. काका नंबर विसरायचे, पुड्या सारख्याच दिसायच्या. काकूंनी स्वयंपाकघरातले चार डबे रिकामे करून त्यांवर चिठ्ठ्या लावल्या: जाडा रवा, बारीक रवा, मैदा, पिठीसाखर. त्यानंतर चूक झाली नाही.

"किलोभर दगडाला मोठे चार चमचे जाडा रवा," त्या मला पाककृतीसारखं सांगत होत्या. "पाणी किती? वरच्या दगडांच्या जरा खाली. भाताला घालतो त्याहून कमी. आणि लहान-मोठे दगड मिसळून घ्यायचे. नुसते मोठे घेतले तर मधल्या फटी कोण घासणार? जाड्या रव्याने आकार येतो. तिथे घाई केली तर पुढे कितीही मैदा लाव, खळगे जात नाहीत. एखाद्याचा कोपरा राहिला तर त्याला मागच्या वर्गात बसवायचं. नापास म्हणजे नापास."

दोन नंबरांच्या मध्ये सोवळं. जाड्या रव्याचा एक कण जरी कपारीत अडकून मैद्यात आला तरी आठवडाभर सगळ्यांच्या अंगावर ओरखडे काढत फिरतो. म्हणून दगड, पाइप, झाकण, सगळं जुन्या टूथब्रशने घासून धुवायचं. भेग असलेला दगड कितीही देखणा असला तरी बाहेर, कारण त्याच्या भेगेत कण लपतो. काकू ज्या निष्ठेने हे करत होत्या तेवढ्या निष्ठेने आमच्याकडे सत्यनारायणही होत नाही. शेवटी टाकणखार आणि साबणाचा कीस घालून दिवसभर नुसती आंघोळ.

किलोभर दगड आत जातात, पाऊण किलो बाहेर येतात. पाव किलो घमेल्यात.

एक गोष्ट मात्र काका कधी करत नाहीत, सुका दगड घासत नाहीत. फोडायचा झाला तर ओल्या पोत्यात गुंडाळून, चष्मा लावून. गारेची कोरडी धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. गुजरातेत खंबातला अकीकाचा धंदा शतकानुशतकांचा. रतनपूरच्या खाणीतला दगड तापवून लाल करायचा, घासायचा, मणी पाडायचे. त्या घासकामाच्या धुळीने कितीतरी कारागिरांना सिलिकोसिस झाला. आपल्या गळ्यातल्या माळेची ही बाजू काकांनी सांगितली तेव्हा काकूही गप्प होत्या. पाइपात सगळं ओलं आणि झाकणबंद, म्हणून हा छंद पडवीत चालतो.

एका रविवारी काकांनी सगळ्यांना गाडीत घालून निघोजला नेलं. "माझ्यापेक्षा जुनं यंत्र दाखवतो," म्हणाले.

पारनेर तालुक्यात कुकडी नदीच्या पात्रात मळगंगेच्या देवळापाशी रांजणखळगे आहेत. नगरच्या माणसाने ते पाहिलेले असतात, फोटोही काढलेले असतात, पण मी पाइप पाहिल्यानंतर पहिल्यांदाच गेले होते. काळा कातळ आणि त्यात कोरलेले खोल, गोल, गुळगुळीत रांजण. एकातून दुसरा फुटलेला, मधल्या भिंती चाकूने लोणी कापावं तशा वळलेल्या. कातळातल्या भेगेत, खळग्यात एखादा गोटा अडकतो. पुराचं पाणी भोवरा करून त्याला गरगर फिरवतं. गोटा कातळ झिजवतो, कातळ गोट्याला. तो झिजून संपला की पुढच्या पुरात दुसरा येतो.

"इथे पाइप कोण आणि दगड कोण, तेवढं सांगा," काकू म्हणाल्या.

काका विचारात पडले. पाइपात दगड घडतो आणि पाइप आहे तसाच राहतो. इथे दगड कधीच वाळू होऊन गेले आणि लोक बघायला येतात ते पाइपाला. परतताना काका सुप्याच्या पुढे अचानक म्हणाले, "अस्तराची ट्यूब बदलायला झालीय." त्यांच्या डोक्यात काय फिरत होतं ते सगळ्यांना कळलं.

जूनच्या सुरुवातीला भिंतीवर एक वेगळा दगड आला.

काका-काकू नेवाशाला गेले होते. काकू पैसाच्या खांबाला, काका खाली प्रवरेत. ही त्यांची ठरलेली वाटणी. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली तिथे बायकोने डोकं टेकायचं आणि नवऱ्याने नदीत मान खाली घालून फिरायचं. आणलेल्या ढिगात बोटाच्या दोन पेरांएवढा तांबूस दगड होता. काका म्हणाले, "कडा फार धारदार आहेत, जाड्या रव्यात दोन आठवडे लागतील."

मी तो हातात घेतला आणि तशीच उभी राहिले. एका बाजूला शिंपल्याच्या पाठीसारखा हलका फुगवटा. एका कडेने ओळीने, सारख्या अंतरावर काढलेले बारीक टवके. ट्रॅक्टरच्या टायरखाली दगड फुटतो, पण तो असा ओळीने फुटत नाही.

"काका, हा घासू नका. हा आधीच कुणीतरी घडवलाय."

मग भिंतीवर माझा तास झाला. ह. धी. सांकलिया आणि डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी 1954 ते 1956 या काळात नेवाशाला उत्खनन केलं. प्रवरेच्या काठच्या गोट्यांच्या थरांत त्यांना अश्मयुगीन माणसाची हत्यारं मिळाली. चर्ट, जॅस्पर, अकीक अशा गारेच्याच जातीच्या दगडांची छोटी तासण्या-खरवडण्याची हत्यारं. त्या घडणीला पुढे पुरातत्त्वात नेवाशाचंच नाव मिळालं. खूप नंतरच्या, ताम्रपाषाण काळातल्या जोर्वे आणि दायमाबादच्या शेतकऱ्यांकडेही त्याच जातीच्या कॅल्सिडोनीची धारदार पाती होती. दोन्ही गावं याच प्रवरेच्या काठची.

"म्हणजे त्यांना धार हवी होती," काका म्हणाले, "आणि मी ती घालवायला निघालो होतो."

"आणि शेवगावच्या समोर पैठण," मी सुटलेच होते. "पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय. पेरिप्लस म्हणतात त्या पुस्तकाला. पैठणहून भडोचच्या बंदरात गाड्यांतून माल जायचा, वीस दिवसांची वाट. तेरहून कापड आणि पैठणहून काय, सांगा? पट्ट्यापट्ट्यांचा दगड. ओनिक्स. तुमच्या ताटात आहे त्याच घराण्यातला."

काकू थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वीस दिवस बैलगाडीत दगड घालून जायचे? म्हणजे यांचं खानदानीच आहे हे."

असा घडवलेला दगड दिसला तर तो हलवू नये, जाणत्यांना जागा दाखवावी. कुठल्या थरात, कशाशेजारी पडला होता, यातच त्याची गोष्ट असते. खिशात आला की ती गोष्ट संपली. काकांना हे लागलं. पुढच्या एकादशीला काकूंबरोबर जाऊन त्यांनी तो जिथून उचलला होता तिथेच ठेवला. "लग्नानंतर पहिल्यांदा," काकू म्हणाल्या, "या घरातून एक दगड बाहेर गेला."

दुसरा घाणा उतरला तो दिवस काकूंनी तिथी बघून ठरवला असणार, त्या कबूल करत नाहीत. टाकणखाराची आंघोळ झाली, दगड फडक्यावर आले. मेमधल्या त्या ताटातलाच वलयांचा खडा काकांनी माझ्या तळहातावर ठेवला. मी सवयीने फडक्याने पुसला. पुसला, पुन्हा पुसला. तो ओलाच दिसत राहिला. हाताला कोरडा, गार, आणि डोळ्यांना ओला. खिडकीचा आडवा उजेड त्याच्या रेघांतून आत जाऊन मधाच्या रंगात थांबला होता.

"बघ, वाळत नाही," काका हलक्या आवाजात म्हणाले. चौथीतला मुलगा बोलत होता.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. भिशीच्या बायकांना एकेक खडा मिळाला. एकीने देवघरात पंचायतनातल्या तांबड्या शोणभद्राशेजारी ठेवला, एकीने फ्रिजवर. कोपऱ्यावरच्या एका बाईंनी विचारलं, हे हीलिंग स्टोन आहेत का, गुडघ्याला चालतात का. काका म्हणाले, "चालत असते तर पहिला माझ्या गुडघ्याला बांधला असता. नदीत वाकून वाकून दुखतोय तो." त्या बाईंनी तरी दोन नेले.

नापासांचं घमेलं मात्र भिंतीवरच राहिलं. भेगाळलेले, टवके गेलेले, कोपरे न झिजलेले, असे पन्नासेक. काकूंना ते कुंड्यांत टाकायचे होते, काकांना पुन्हा जाड्या रव्यात. वाद दहा दिवस चालला. आम्ही दोन्हीकडचं ऐकून घ्यायचो.

मग पहिला पाऊस आला. नगरला पाऊस येतो तसाच, आधी धूळ, मग मातीचा वास, मग वीज गेली. पाइप थांबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पडवीत शांतता झाली, आणि कपडे काढायला मी धावले तेव्हा काकू भिंतीशीच उभ्या होत्या, डोक्यावर पदर धरून.

"इकडे ये. हे बघ."

घमेल्यात पाणी साचलं होतं आणि त्यातले सगळे नापास पेटल्यासारखे झाले होते. मधाचे, तांबडे, निळसर राखाडी. एका फुटक्या खड्यात शेवाळासारखी हिरवी रेघ होती, ती पाइपातून निघताना आम्हा तिघांपैकी कुणालाच दिसली नव्हती.

"ना मोटर, ना रवा, ना मैदा," काकू म्हणाल्या. "फुकटचं पॉलिश."

काका छत्री न घेताच बाहेर आले. घमेल्यावर वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "उद्या वाळतील."

"वाळू देत," काकू म्हणाल्या. "पुन्हा पडेल की पाऊस."

नगर जिल्ह्यात जन्म काढून, जूनच्या पहिल्या सरीवर एवढं ठाम बोलायला काकूंचीच छाती हवी.